ताणावर सोडलेली बाग

डिसेंबर सरत आला की आमच्या बागेचं पाणी तुटायचं. काटोलजवळच्या गावी बाबांची तीन एकर संत्र्याची बाग आहे. हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिथेच असायचो. विहिरीला पाणी भरपूर, मोटर चालू, गव्हाला-हरभऱ्याला पाणी चाललेलं, आणि संत्र्याची झाडं मात्र कोरडी. पानं मलूल व्हायची, कडेनं आत वळायची, हिरवा रंग उतरून पिवळट दिसायची. थोडी गळायचीसुद्धा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाबांना विचारलं होतं, "झाडं मरून राहिली ना बाबा, पाणी काऊन नाही देत?"

बाबा म्हणाले, "आता पाणी देल्लं तं पानं येतीन. मले फुलं पाहिजेत."

ज्यांनी संत्र्याची बाग जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडच्या हवेत संत्र्याचं झाड वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा फुलू पाहतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुललं तर तो आंबिया बहार, त्याची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात. पावसाच्या तोंडावर जून-जुलैत फुललं तर मृग, त्याची फळं फेब्रुवारी ते एप्रिलात. झाडाच्या मर्जीवर सोडलं तर थोडी फुलं तेव्हा, थोडी आता, आणि कुठलंच पीक धड नाही. म्हणून शेतकरी बहार 'धरतो'. धरण्याआधी झाडाला ताण देतो, म्हणजे पाणी बंद करतो. झाडाची वाढ थांबते, अन्न फांद्यांमध्ये साठतं, आणि मग ताण तोडून खत-पाणी दिलं की सगळी बाग एकदम फुलते. त्या दिवसांत बागेत गेलं की वासानं डोकं जड होतं.

कुठला बहार धरायचा हे हौसेवर ठरत नाही. आंबिया धरला तर अख्खा उन्हाळा झाडांना पाणी लागतं. ज्याची विहीर मे महिन्यात तळ दाखवते त्यानं मृगाकडे वळावं, एप्रिल-मेच्या उन्हात ताण बसतो आणि तो तोडायला पाऊस येतो. झाडाला हात लावायच्या आधी विहिरीत डोकावून पाहायचं, असा सगळा हिशेब.

मी शेती करत नाही. नागपुरात धरमपेठेत आमचा पाच माणसांचा स्टुडिओ आहे. लोकांच्या वेबसाइट, ॲप, माहितीपत्रकं, पॅकिंगवरचे मजकूर, असं काम सोळा वर्षं करते आहे. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ज्या प्रश्नापाशी अडखळले तो डिझाइनचा नव्हता, तंत्राचाही नव्हता. ग्राहक काम घेऊन येतो, "अमुक करून द्या" म्हणतो. ते करायला घेण्याआधी थांबून विचार किती करायचा? कोणी करायचा? त्याचे पैसे घ्यायचे का?

धंद्यात या विचाराला सगळे 'स्ट्रॅटेजी' म्हणतात. प्रस्ताव मराठीत लिहायची वेळ आली की मी 'रणनीती' लिहायचे. आता लिहवत नाही. आमच्या ग्राहकांपुढे रण नसतं, शत्रूही नसतो. असतो तो एक दुकानदार, ज्याची मुलं पुण्याला गेली आहेत, किंवा एखादी संस्था, जिच्यात पाच विश्वस्तांची पाच मतं आहेत. 'धोरण' म्हटलं की सरकारी परिपत्रक आठवतं. बाबांचा शब्द मला पटतो, 'बेत'. हंगामाच्या तोंडावर बांधावर दोन शेतकरी भेटले की एकमेकांना विचारतात, "औंदा काय बेत हाय?" त्या प्रश्नात किती गोष्टी गृहीत आहेत! तुझ्या विहिरीचं मला माहीत आहे, तुझ्या जमिनीचं माहीत आहे, आता त्यातून तू काय निवडलंस तेवढं सांग.

सुरुवातीची काही वर्षं आम्ही बेत विचारतच नव्हतो. ग्राहक सांगेल ते, सांगेल तसं, शक्य तितकं सुंदर करून द्यायचं. एका शिकवणी वर्गानं प्रवेश वाढावेत म्हणून ॲप मागितलं. तीन महिने खपून केलं. मला आजही वाटतं की ते काम देखणं होतं. प्रवेश वाढले नाहीत. वर्षभरानं दुसऱ्याच कामासाठी त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक अख्खी दुपार बसायचा योग आला. एक ते चार फोन वाजत होता आणि उचलायला कोणी नव्हतं. टेबलावरच्या बाई त्या वेळात मुलाला शाळेतून आणायला जायच्या, जेवायच्या. आणि नोकरी करणारे आईवडील नेमके जेवणाच्या सुट्टीत चौकशीचा फोन करतात. त्या वर्गाला ॲप नको होतं, दुपारी फोन उचलणारं माणूस हवं होतं. संचालकांनी आम्हाला कधीच दोष दिला नाही. "तुम्ही तर सांगितलं तेच केलं ना," म्हणाले. ते वाक्य मला फार लागलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. एका खासगी रुग्णालयाच्या कामात चार महिने फक्त अभ्यास केला. मुलाखती, तक्ते, इतर रुग्णालयांशी तुलना. ८४ पानांचा अहवाल झाला. स्पायरल बाइंडिंग करून दिला. प्रमुख डॉक्टरांनी तो खरोखर वाचला, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि विचारलं, "मॅडम, हे सगळं बरोबर आहे. आता करायचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ८४ पानांत सगळं होतं, फक्त निवड नव्हती. तोवर त्यांच्या लोकांचा उत्साह आटला होता आणि ज्या मॅनेजरनं आम्हाला बोलावलं होतं ते सोडून गेले होते. ताण लांबला तर झाडाचं असंच होतं. आधी पानं जातात, मग बारीक फांद्या वाळतात. त्या वाळलेल्या काड्यांना आमच्याकडे सल म्हणतात. सल वेळच्या वेळी काढावी लागते, नाहीतर रोग खाली उतरतो.

बाबांना एकदा विचारलं, ताण नेमका किती दिवस द्यायचा असतो? मला आकडा हवा होता. ते म्हणाले, जमीन पाहून. हलक्या, मुरमाड जमिनीत पाणी लवकर निथळतं, तिथे थोड्या दिवसांत ताण बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर धरून असते, महिना उलटला तरी झाड हिरवंगार राहतं, तिथे जास्त दिवस लागतात. कॅलेंडरकडे कमी आणि पानाकडे जास्त पाहायचं.

हे ऐकल्यावर माझं काम मला पहिल्यांदा नीट दिसलं. आम्ही वर्षानुवर्षं भांडत होतो ते स्ट्रॅटेजी करायची की नाही यावर. प्रश्न जमिनीचा होता.

इतवारीतल्या किराणा ओळीत मिरची-मसाल्याचे एक ठोक व्यापारी आहेत. त्यांना देशभर माल विकणारी वेबसाइट हवी होती, दिवाळीच्या आत. पूर्वीची मी असते तर लगेच अंदाजपत्रक पाठवलं असतं, नंतरची मी असते तर प्रश्नावली. या वेळी म्हटलं, भाऊ, एक दिवस तुमच्या गादीजवळ बसू द्या. अकरा ते दोन बसले. मिरचीच्या खकाण्यानं शिंका थांबत नव्हत्या. येणारे बहुतेक सावजी भोजनालयांचे आणि खानावळींचे लोक. भिवापुरी मिरचीचा भाव विचारायच्या आधी जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारत होता, "मागच्यासारखीच आहे ना?" रस्स्याची चव एका खेपेला बदलली तर त्यांचं गिऱ्हाईक ताटावरून उठतं. त्यांची सगळी काळजी त्या प्रश्नात होती.

दुपारी दोन वाजता, गादीवर बसूनच, आमचा बेत ठरला. देशभर विकायचं नाही. आहेत त्याच गिऱ्हाइकांना मागच्या खेपेचा माल ओळखता यावा आणि तसाच पुन्हा मागवता यावा, एवढंच करायचं. प्रत्येक खेपेला एक खूण, ती बिलावर, आणि व्हॉट्सॲपवर त्या खुणेनं मागणी. वेबसाइट केली ती एका पानाची, पत्ता आणि फोन देणारी. मालक एक, निर्णय एकाचा, धंद्याची नस त्याला पिढीजात ठाऊक. हलकी जमीन. तीन तासांत ताण बसला.

याउलट एक शिक्षणसंस्था. विश्वस्त, सचिव, प्राचार्य, माजी विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं आणि प्रत्येकाचं काही ना काही खरं. काळी कसदार जमीन, अनेक वर्षांची ओल धरून असलेली. तिथे सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत आम्ही एक नियम पाळायचं ठरवलं होतं: एकही चित्र दाखवायचं नाही. ना रंग, ना होमपेज, ना लोगो. कारण चित्र समोर आलं की माणूस चित्रावर बोलतो. मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

तिसऱ्या बैठकीत नियम मोडला. आमच्याकडे नव्यानं आलेल्या एका हुशार मुलानं रात्री जागून होमपेजचा नमुना केला होता आणि लोकांनी "काहीतरी दाखवा ना" म्हटल्यावर त्यानं तो पडद्यावर लावला. पुढचा दीड तास संस्थापकांचा फोटो डावीकडे हवा की उजवीकडे यावर गेला. ताणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की बागेचं जे होतं तेच. झाडाला वाटतं पाणी आलं, ते फुटवे काढतं, पालवी फुटते आणि बहार विखुरतो. मला त्या मुलाचा राग आला नाही. चित्र दाखवू नकोस एवढंच मी त्याला सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून त्याला बाबांच्या बागेत घेऊन गेले. काटोल नाका ओलांडला, फेटरी मागे पडलं, आणि तो म्हणाला, "ताई, आपण कामाचं बोलायला चाललोय ना?" मी म्हटलं, हो.

त्या दिवशी बागेत मला स्वतःलाच एक गोष्ट दिसली. ताणावर सोडलेल्या बागेत बाबा रोज जातात. एरवी एखादा दिवस चुकतो, या दिवसांत नाही. पाणी द्यायचं नसतं, तरी जातात. पान दुमडून पाहतात, बुंध्याजवळची माती हातात घेऊन दाबतात. मी ग्राहकाला चित्र दाखवत नव्हते, त्या आठवड्यांत त्याच्याकडे जातही नव्हते. विचार चालू आहे, झाला की कळवू. त्याच्या बाजूनं पाहिलं तर पैसे दिलेत, दिवस चाललेत, हातात काही नाही आणि समोरची माणसं गप्प. त्याची तगमग खरी असते. तेव्हापासून काही सांगण्यासारखं नसलं तरी मी दर शुक्रवारी फोन करते. आज काय ऐकलं, कुठे अडलोय, कुठल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडून हवंय. मधल्या दिवसांत ग्राहकाला एकटं सोडायचं नाही, हे मी बांधावर शिकले.

आता माझ्या मोठ्या काकांबद्दल लिहायलाच हवं. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. सगळं आयुष्य रस्त्यांवर गेलं. मी 'एका पानात बेत मावला पाहिजे' असं काहीतरी बोलत होते तेव्हा त्यांनी मला नागपूर प्लॅन सांगितला. मी याच शहरात वाढले आणि मला त्याची काही कल्पना नव्हती. १९४३ च्या डिसेंबरात, महायुद्ध चालू असताना, देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी पुढच्या वीस वर्षांच्या रस्त्यांचा आराखडा ठरवला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग ही वर्गवारी त्यातलीच. आजच्या मापात सांगायचं तर दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता, हे उद्दिष्ट. पण काका एका वाक्यावर थांबले. शेतीत पुढारलेल्या भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा जास्त लांब राहू नये.

"बघ," काका म्हणाले, "रस्ता किती बांधू, हे नाही म्हटलं. गाव किती लांब राहील, हे म्हटलं."

अख्ख्या देशाचा आराखडा, आणि त्याचा गाभा असा की गावातला माणूस आपल्या पायानं चालून तपासू शकेल. मी तेव्हापासून प्रत्येक बेतात ते पाच मैलांचं वाक्य शोधते. आमच्या कागदावर शेवटी काय होईल ते आमच्या बाजूनं लिहिलेलं नको, त्यांच्या गिऱ्हाइकाच्या, विद्यार्थ्याच्या, पेशंटच्या बाजूनं हवं. त्या शिक्षणसंस्थेच्या कामात सात आठवड्यांनंतर जे वाक्य निघालं ते असं होतं: खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलीला फी, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या तिन्हींचं उत्तर कोणालाही न विचारता तिच्या फोनवर मिळालं पाहिजे. हे वाक्य ठरल्यावर संस्थापकांचा फोटो कुठे जाईल यावर कोणी बोललं नाही. त्या खोलीतले दोन विश्वस्त स्वतःच तसे शिकलेले होते. त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

काकांनी पुढचंही सांगितलं, आणि तो भाग मला जास्त मोलाचा वाटतो. वीस वर्षांच्या त्या आराखड्यातलं लांबीचं उद्दिष्ट दोन वर्षं आधीच, १९६१ पर्यंत पुरं झालं. किलोमीटर भरले. तरीही अनेक गावं बारमाही रस्त्याविना राहिली, आणि न जोडलेल्या वस्त्यांसाठी २००० साली पंतप्रधान ग्राम सडक योजना आणावी लागली. मोजायला सोपं होतं ते आधी गाठलं गेलं. काका हे खिन्नपणे म्हणाले, कारण त्यातले काही किलोमीटर त्यांनीही मोजले होते. आमच्याकडे महिन्याच्या शेवटी ग्राहकाला जे आकडे जातात, किती जणांनी पान पाहिलं, किती जणांनी बटण दाबलं, ते पाठवताना मला काकांचा चेहरा आठवतो. त्या मुलीला शिष्यवृत्तीचं उत्तर मिळालं का, ते मोजायला कोणाला तरी वसतिगृहात जाऊन विचारावं लागतं. आम्ही वर्षातून दोनदा जातो.

पैशांचं बोलते, कारण आपल्याकडे यावर लोक लिहीत नाहीत आणि नवी मुलं अडखळतात. बेत ठरवायचे पैसे वेगळे घ्यायचे, बिल वेगळं करायचं आणि ते काम संपल्यावर ग्राहकाला मोकळं सोडायचं. पुढचं बांधकाम त्यानं आमच्याकडूनच करावं अशी अट नाही. माझ्या भागीदाराशी यावर वर्षभर वाद चालला होता. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक बिथरेल. काही बिथरलेही. एकांनी विचारलं, "एका कागदाचे एवढे पैसे, अन् वरून १८ टक्के जीएसटी? कशाचा जी?" त्यांचा प्रश्न रास्त होता आणि मी शांतपणे उत्तर दिलं. माझी कमाई फक्त वेबसाइट बांधण्यातून होत असेल तर मी तुम्हाला प्रत्येक वेळी वेबसाइटच बांधायला सांगेन. मनात खोट नसली तरी सांगेन, कारण महिन्याच्या एक तारखेला पाच पगार द्यायचे असतात. "काही बांधू नका, दुपारी फोन उचला" हे मला सांगता यावं, त्याचे हे पैसे आहेत.

या सगळ्याची खरी परीक्षा दोन वर्षांपूर्वी झाली, आणि तीही संत्र्यातच.

काटोलकडच्या वीसेक शेतकऱ्यांचा एक गट आमच्याकडे आला. व्यापारी झाडावरचीच बाग घेतो, भाव तो ठरवतो. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवल्यापासून तर तिकडे जाणारा माल अडून भाव आणखी पडलेले. त्यांना थेट मुंबई-पुण्याच्या घरांत संत्री पोचवणारं ॲप हवं होतं. ही माणसं माझ्या बाबांसारखी बोलत होती, त्यांच्या तळहातांवर तसेच घट्टे होते. त्यांच्याकडून पैसे घ्यायला हात जड झाला. तरी एका दिवसाचे घेतले. त्यांनी वर्गणी काढून दिले. फुकट केलं असतं तर उपकार केल्यासारखं झालं असतं, आणि उपकार करणाऱ्याचं बोलणं कोणी खोडत नाही. मला खोडणारी माणसं हवी होती.

त्यांच्या पॅकिंग शेडमध्ये सकाळपासून बसलो. क्रेटवर कागद पसरला. जमीन मिश्र होती, प्रत्येक जण आपल्या बागेचा मालक, आणि गट म्हणून कोणीच नाही. दुपारी एक म्हातारे शेतकरी, जे तोवर काही बोलले नव्हते, म्हणाले, "पुण्याले पाठवाचं म्हन्ता. आपलं संत्र सैल सालीचं हाय जी. पोचता पोचता दबते. दबलेलं संत्र पाहून तो पुन्यावाला नागपूरच्या संत्र्याले नाव ठेवीन."

तिथून बोलणं वळलं. ज्यांना या संत्र्याची चव ठाऊक आहे, ज्यांच्या घरी हंगामात पेटी आलीच पाहिजे असं वाटतं, ती माणसं कुठे राहतात? नागपुरातच. साठेक किलोमीटरवर. आणि ती माणसं रस्त्यावरच्या गाडीवरून, कोणाच्या बागेचं ते न कळता संत्री घेतात. संध्याकाळपर्यंत बेत ठरला. एक हंगाम, फक्त नागपूर. मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगर इथल्या सोसायट्यांच्या फाटकापाशी शनिवार-रविवार पेटी पोचवायची. मागणी व्हॉट्सॲपवर. पेटीवर शेतकऱ्याचं नाव आणि तोडणीची तारीख. आमचं वाक्य होतं: शनिवारी घेतलेलं संत्र गुरुवारनंतर तोडलेलं असेल. ॲप नाही. मुंबई नाही, पुणे नाही.

निघताना गटातला एक तरुण माझ्यामागे गाडीपर्यंत आला. इंजिनीअरिंग करून शेतीत परतलेला, ॲपची कल्पना त्याचीच. म्हणाला, "ताई, तुम्ही आमचं स्वप्न लहान करून राहिल्या."

याचं पुरतं उत्तर माझ्याकडे आजही नाही. बहार धरणं म्हणजे बाकीची फुलं येऊ न देणं, हे मला पटलेलं आहे. पण जी फुलं येऊ दिली नाहीत ती कोणाची होती, त्याच्या मनात काय झालं, याची जबाबदारी बेत सांगणाऱ्यावर असते. मी त्याला एवढंच म्हटलं की एक हंगाम दे.

पहिले तीन आठवडे फार सुंदर गेले. सोसायटीतल्या आज्या पेटीवरचं नाव वाचून शेतकऱ्याला फोन करायच्या. एकीनं तर बागेत येऊन पाहायची इच्छा सांगितली आणि नातवंडांना घेऊन खरंच गेली. चौथ्या आठवड्यात, नोव्हेंबरच्या अखेरीस, अवकाळी पाऊस आला. फळगळ झाली, झाडावर राहिलेली फळंही ओली, तोडता येईनात. मागणी नोंदवलेली जास्त आणि माल कमी. आता कोणाला द्यायचं, कोणाला नाही म्हणायचं? ज्यानं त्यानं आपापल्या ओळखीच्यांना दिलं. शनिवारी सकाळी काही घरची माणसं फाटकापाशी पिशव्या घेऊन दीड तास उभी राहिली आणि कोणी आलंच नाही. कळवलंसुद्धा नाही.

तो बेताचा कागद मी त्या रात्री पुन्हा वाचला. सगळा चांगल्या वर्षाचा होता. संत्र्याच्या घरात वाढलेल्या मला, जिनं गारपिटीनंतरचं अंगण पाहिलेलं आहे, वाईट वर्षाची एक ओळ लिहायची सुचली नाही. शेतकऱ्यांनी पैसे दिले होते ते यासाठीच. मी त्यांना तसं सांगितलं आणि त्या दिवसाचे पैसे परत करायला निघाले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, उन्हाळ्यात पुन्हा या, बसू.

गेल्या मे महिन्यात बसलो. तेच शेड, तेच क्रेट, पत्रा तापून आग ओकत होता. या वेळी कागदावर एकच प्रश्न लिहून नेला होता: माल कमी पडला तर? चार तास भांडण झालं. कोणी म्हणे जो जास्त पेट्या घेतो त्याला आधी. कोणी म्हणे जो आगाऊ पैसे देतो त्याला. त्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "फाटकापाशी जे उभे राहिले होते त्याहीचं काय?" शेड गप्प झालं. त्यांतल्या बहुतेकांनी परत कधी मागणी केली नव्हती. मग त्या इंजिनीअर तरुणानं फोन काढला आणि त्यांच्यातल्या एकेकाला तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. नाव सांगायचा, मागच्या वर्षीच्या शनिवारची माफी मागायचा, ठेवायचा. काहींनी उचलला नाही, एकीनं पाच मिनिटं सुनावलं. तो ऐकून घेत होता, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

शेवटची ओळ त्यानंच लिहिली. कागदावर नाही, शेडच्या भिंतीवर, गेरूनं, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशी:

"माल कमी पडला तं जुन्या गिऱ्हाइकाले पयले. अन् नाही म्हणाचं असन तं शुक्रवारी रातच्याले, सोता फोन करून म्हणाचं."